घसा बसल्याचं नाटक

माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. बँकेला फोन लावल्यावर ‘आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं सांगत तुमचा वेळ खाणारी बाई म्हणजे मी. लिफ्टमध्ये ‘दरवाजे बंद होत आहेत’ सांगते ती मी. पार्किंगच्या यंत्रात कार्ड उलटं घातलंत की ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ असं जरा कुत्सितपणे म्हणते तीही मीच. तो कुत्सितपणा मला लिहून दिलेला नव्हता, मी पदरचा घातला.

चेहरा मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. एकदा टोमॅटो घेताना पुढच्या गृहस्थांनी वळून पाहिलं आणि ‘तुम्हाला कुठेतरी ऐकलंय’ म्हणाले. त्या एका वाक्यावर मी वर्षभर हवेत होते. मैत्रिणींना सांगताना ‘लोक ओळखतात गं, कुठे तोंड उघडायची सोय राहिली नाही’ असं सांगायचे, जणू रोज टोमॅटोवाल्याकडे माझ्यासाठी गर्दी जमते. ही आढ्यता आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ तिने घातला.

लिफ्टवाल्याची आणि माझी ओळख लिफ्टमध्येच झाली. स्टुडिओच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत मी एकटी. मी ‘अहो, कुणी आहे का?’ म्हणून ओरडत होते आणि डोक्यावरचा स्पीकर माझ्याच आवाजात, अतिशय शांतपणे, ‘दरवाजे उघडत आहेत’ सांगत होता. दरवाजे उघडत नव्हते. बाहेरून एका पुरुषाचा आवाज आला.

“बाई, आत तुम्ही दोघी आहात का?”

“एकटीच आहे.”

“मग एकदा काय ते ठरवा. उघडतायत की नाही?”

त्याने मला बाहेर ओढून काढलं. हाताला ग्रीस, कानावर पेन्सिल, कमरेला पान्ह्यांचा पट्टा. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. मी ‘धन्यवाद’ म्हटल्यावर तो बघतच राहिला. “ती तुम्हीच होय? इतकी वर्षं तुमचं ऐकतोय. आज पहिल्यांदा खरं बोललात.”

तेव्हापासून तो मला ‘घोषणा’ म्हणू लागला. ‘काय घोषणा, चहा घेणार का?’ माझी पन्नाशी जवळ आलेली, नवरा कधीचाच दुसऱ्या गावी दुसऱ्या बाईबरोबर सुखात. हा त्याच्या थोरल्या बहिणीकडे राहणारा, लग्न करायचं राहून गेलेला. चहा पीत पीत वर्ष गेलं. आम्ही नुसता चहाच पीत होतो असं नाही. दोघं जाणती माणसं होतो, एवढ्यात समजून घ्या.

मग त्याला हर्निया झाला. ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि त्यात एचआयव्ही निघाला. त्याच दिवशी दुपारी तो थेट माझ्या दारात आला. आत आला नाही, बूट काढले नाहीत. “आधी ऐक, मग आत घ्यायचं की नाही ते ठरव,” म्हणाला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. असं उभ्याउभ्या खरं सांगणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. मी त्याला आत घेतलं. हा आजार त्याला कुठून आला तेही त्याने सांगितलं. ती माझ्या आधीची गोष्ट आहे आणि त्याची आहे. तिची घोषणा मी करणार नाही.

ऑपरेशन पुढे ढकललं आणि त्याचं औषध लगेच सुरू झालं. त्याच्या डॉक्टरांनी समजावलं की औषध न चुकता घेतलं तर काही महिन्यांत विषाणू रक्तात सापडणार नाही इतका दबतो, आणि तसा दबून राहिला की जोडीदाराला त्याची लागण होत नाही. तोवर जपायचं. आणि मी रोज एक प्रतिबंधक गोळी घ्यायची. ‘प्रेप’ म्हणतात तिला. ज्याच्या अंगात विषाणू नाही त्याने घ्यायची, म्हणजे तो आला तरी त्याला घर करता येत नाही.

“आधी तुझी तपासणी, मग तुझी गोळी,” लिफ्टवाला म्हणाला. “तोवर मी इथे.” आणि माझ्या शेजारची खुर्ची सोडून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसला. लिफ्टच्या पोकळीत बिनधास्त डोकं घालणारा माणूस माझ्या कोपराला भ्यायला लागला. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. म्हटलं, उद्याच जाते.

उद्याच गेले, हे माझं या गोष्टीतलं शेवटचं शहाणपण.

दवाखान्यात प्रतीक्षा करायची खोली होती. जमिनीला स्क्रूने घट्ट केलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, भिंतीवर एक स्पीकर. मी बसते न बसते तोच तो स्पीकर बोलायला लागला. ‘संकोच करू नका. मनमोकळेपणाने विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.’ आवाज ओळखीचा होता. असणारच. आरोग्य खात्यासाठी मीच तो संदेश ध्वनिमुद्रित केला होता, आणि ‘लाजण्यासारखं’ या शब्दावर असा काही जिव्हाळा ओतला होता की आमच्या रेकॉर्डिस्टने डोळे पुसले. त्याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे हे मला नंतर कळलं.

आता खाली मी लाजेने अर्धमेली होऊन बसलेली आणि वरून मीच मला समजावतेय. तरी बधले नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसले होते. पण मला पक्की खात्री होती की मी एक शब्द बोलले की ही सगळी डोकी वर होणार. ‘अरे, ही तर ती! आणि ही इथे?’ संध्याकाळपर्यंत स्टुडिओत कळणार, आठवड्यात गावभर होणार. मी बाई नव्हतेच त्या घटकेला, मी एक सार्वजनिक मालमत्ता होते.

एवढ्यात समुपदेशक बाईंनी आत बोलावलं. गोल चेहऱ्याच्या, शांत बाई. “या, बसा. काय म्हणता?”

मी तोंड उघडलं आणि त्यातून सासू बाहेर पडली. रेडिओच्या एका मालिकेत मी एका खाष्ट सासूचं काम केलं होतं. ती मरणपंथाला लागलेली होती आणि जाहिरातदारांना आवडल्यामुळे महिनोन् महिने मरतच होती. कफाने भरलेला, खरखरीत, प्रत्येक वाक्याला अखेरचा वाटेल असा तो आवाज.

“घसा बसलाय,” सासू म्हणाली.

“असू दे, सावकाश बोला,” बाई म्हणाल्या.

त्यांनी विचारायचं ते सगळं विचारलं. पत्ता विचारावा तितक्या सहज त्या नको नको ते विचारत होत्या आणि गंमत म्हणजे सासू धडाधड उत्तरं देत होती. माझ्या आवाजात जे मला जन्मात बोलता आलं नसतं ते सासूने माझ्या वतीने कबूल केलं. मी स्वतःवर खूश झाले. म्हटलं, कला कधी वाया जात नाही.

मग रक्त घेतलं आणि डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची होती.

“घसा कधीपासून?”

“झाला की आठवडा.”

“ताप वगैरे?”

इथे ‘नाही’ म्हणायचं होतं. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण घेतलेली भूमिका अर्धवट सोडणं माझ्या रक्तात नाही. “संध्याकाळी कणकण असते,” सासू म्हणाली. “अंग मोडून येतं.” आणि वर खोकलीसुद्धा. खोकला उत्तम जमला होता, हे आजही सांगते.

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. आजची तपासणी निगेटिव्ह आहे, ती म्हणाली. पण लागण अगदी नवी असली तर ती इतक्यात तपासणीत दिसत नाही. जोडीदाराचं औषध आत्ताच सुरू झालेलं, त्याआधी तुमचा संबंध आलेला, आणि त्यात घसा, ताप, अंगदुखी. नव्या लागणीची हीच लक्षणं असतात. “आत विषाणू शिरलेला असताना ही गोळी दिली तर ती एकटी पुरी पडत नाही, आणि विषाणू तिला सरावतो. मग पुढचे उपचार अवघड होतात. काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. तोवर गोळी देता येणार नाही.”

मनात आलं, आता सांगून टाकावं, डॉक्टरबाई, घसा ठणठणीत आहे, ताप नाही, काही नाही, मी नाटक करत होते. एवढंच वाक्य. पण ते सांगायचं कोणत्या आवाजात? माझ्या आवाजात सांगावं तर पुन्हा तीच ओळख पटायची भीती, आणि सासूच्या आवाजात सांगावं तर विश्वास कोण ठेवणार? मी ‘बरं’ म्हणून उठले. सासूच्या आवाजात.

पुढे समुपदेशक बाई दर आठवड्याला फोन करू लागल्या. “कसं आहे? घसा सुटला का?” माझी इतकी काळजी माझ्या सख्ख्या भावाने कधी केली नाही. बाईंचा फोन नेमका मी स्टुडिओत असताना यायचा. मी जिन्यात जाऊन सासू काढायची, पाच मिनिटं कण्हायची आणि परत येऊन माइकपुढे गोड आवाजात ‘आपण रांगेत आहात’ म्हणायची. सासू उतरू नये म्हणून आंघोळ करताना सरावही करायची. घसा आवळून असा आवाज काढला की स्वरतंतू सुजतात. हे मी स्वतः नवशिक्यांना शिकवते, फळ्यावर चित्र काढून.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी माइकपुढे तोंड उघडलं आणि ‘आपण रांगेत आहात’ हे गंजलेल्या बिजागरीतून आल्यासारखं आलं. रेकॉर्डिस्टने हेडफोन काढला. “मॅडम, हे ऐकून लोक रांग सोडून पळतील.”

घसा खरोखरच बसला होता. आणि मग मला पहिल्यांदा मनापासून भीती वाटली. हे माझ्या सासूचं कर्तृत्व, की डॉक्टर म्हणते ते? मी आरशापुढे आ करून उभी राहिले, कपाळाला हात लावून पाहिला. हात लावलेलं कपाळ नेहमी गरमच लागतं. कालपर्यंत जे माझं बेमालूम खोटं होतं, त्यात आता खरं किती आहे हे मलाच सांगता येईना.

त्याच दिवशी लिफ्टवाल्याचा फोन आला. तो लांबच्या एका इमारतीत नव्या लिफ्टा बसवत होता, त्यामुळे बरेच दिवस नुसते निरोपच चालले होते.

“घोषणा, आवाजाला काय झालं?”

“जरा बसलाय.”

“गोळी सुरू झाली ना?”

“डॉक्टर म्हणाल्या, थोडं थांबा.”

“घशामुळे?”

“हो.”

तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं, किती समजूतदार आहे, फार खोदून विचारत नाही. माझ्या अकलेची ही तेव्हाची पातळी.

चार दिवस त्याचा फोन नाही, निरोप नाही. मग त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताईंना त्याच्या आजाराचं माहीत होतं, माझंही माहीत होतं. त्या गोडगोड बोलणाऱ्यांतल्या नाहीत.

“तुला झालंय काय ते मला सरळ सांग,” ताई म्हणाल्या. “हा जेवत नाहीये. ताट पुढे ठेवलं की बघत बसतो. काल मला म्हणाला, ताई, मला पण आधी घसाच धरला होता. ताप आला होता, मी सर्दी समजून सोडून दिलं. आता तिला तेच होतंय. म्हणाला, मी दिला तिला.”

“ताई, तसं नाहीये.”

“मग कसं आहे ते त्याला जाऊन सांग. मला सांगून काय उपयोग? माझा भाऊ आहे तो. त्याला असं झिजताना मला बघवत नाही.”

मला माझी किळस आली. दुसरा शब्द नाही त्याला. ज्या माणसाने दारात उभं राहून मला खरं सांगितलं, तो माझ्या एका खोकल्यावर अन्न सोडून बसला होता.

मी तशीच त्या इमारतीत गेले. लिफ्ट अर्थातच चालू नव्हती, तो ती बसवत होता. सगळे मजले जिन्याने चढले. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत तो एका उलट्या खोक्यावर बसून चिंधीने तार पुसत होता. गालफडं बसली होती. मला पाहून उठला आणि दोन पावलं मागे सरकला.

मी सगळं सांगितलं. स्पीकर, संदेश, टोमॅटोवाले गृहस्थ, सासू, कणकण, खोकला. धापा टाकत, फाटक्या आवाजात, काही न लपवता. तो ऐकत राहिला. सांगून झालं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

“किती चांगली आहेस गं तू,” तो म्हणाला. “माझ्या मनाला लागू नये म्हणून एवढं रचलंस.”

“अरे, रचलं नाही! खरं आहे.”

“एवढी फालतू गोष्ट खरी असते का कधी? घोषणा, माझी समजूत काढू नकोस.”

“सासू काढून दाखवू का? ऐक.” आणि मी सासू काढली. घशात असेल नसेल ते बळ लावून काढली.

तो केविलवाणं हसला. “हाच तर आवाज आहे तुझा आता.”

खरं होतं. सासू आणि मी यांच्यात काही फरक उरला नव्हता. जन्मभर खोटं गोड बोलून लोकांना पटवत आले आणि जन्मातलं एक खरं बोलले तर ते कुणाच्या गळी उतरेना. मला इतका राग आला की मी त्याच्या हातातली चिंधी हिसकावून घेतली. “उद्या माझी दुसरी तपासणी आहे. तू बरोबर यायचंस. तुझ्यादेखत डॉक्टरला सांगते.”

तो आला. प्रतीक्षेच्या खोलीत माझ्या आणि त्याच्यामध्ये एक खुर्ची मोकळी सोडून बसला. आत गेल्यावर मी डॉक्टर आणि समुपदेशक बाई या दोघींपुढे सगळं पुन्हा सांगितलं. आवाज ओळखला जाईल म्हणून हे सोंग केलं, असं म्हणताना मला घाम फुटला होता.

“कोणता आवाज?” समुपदेशक बाईंनी विचारलं.

“तो बाहेर लागतो ना, तो संदेश. तो माझा आहे.”

बाईंनी दार किलकिलं करून कान दिला. थोडा वेळ ऐकलं. “अगंबाई, इथे असं काही लागतं होय? मी रोज इथेच असते, माझ्या कधी लक्षातच आलं नाही.” मग माझ्याकडे निरखून पाहिलं. “आणि हा तुमचा आवाज? नाही वाटत हो.”

झालं. ज्या कीर्तीसाठी मी हा सगळा खटाटोप केला, ती त्या दारातल्या फटीतून निघून गेली.

डॉक्टरने घसा तपासला. “आवाज ताणल्यामुळे बसलाय. ताप कधी होता?”

“नव्हता.”

“अंगदुखी?”

“तीही नव्हती.”

“मग सांगितलीत कशाला?”

“भूमिका रंगात आली होती.”

डॉक्टरला हसू आलं नाही. “ज्या दिवशी आलात त्याच दिवशी गोळी मिळाली असती तुम्हाला. इतके आठवडे तुम्ही तिच्याशिवाय काढलेत. आणि यांनी ते काळजीत काढले.” मग म्हणाली, “आता रक्त काय सांगतं ते बघू. बाहेर बसा.”

आम्ही बाहेर बसलो.

“म्हणजे खरंच होतं ते,” तो म्हणाला.

“हो.”

“आजाराची भीती नव्हती तुला?”

“नव्हती. नंतर वाटली, आधी नव्हती.”

“मग कुणी ओळखलं असतं तर काय झालं असतं?”

मी काहीतरी विनोदी बोलणार होते. माझ्याकडे असतं नेहमी तयार. पण तो थेट माझ्याकडे पाहत होता. “ओळखलं असतं की मी तुझी आहे,” मी म्हणाले. “त्याची लाज वाटली.”

त्याने मान हलवली. रागावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. “मला वाटत होतं मी तुझा जीव घेतला,” तो म्हणाला, “आणि तू आवाज जपत होतीस.”



मला आत बोलावलं. दुसरी तपासणीही निगेटिव्ह आली होती. डॉक्टरने गोळ्यांची बाटली हातात दिली, आजपासूनच सुरू करा म्हणाली, आणि पुढच्या वेळी दुखत असेल तेवढंच दुखतंय म्हणा, असंही म्हणाली. बाहेर येऊन मी त्याच्या कानाशी वाकले आणि सांगितलं.

तो तोंड हातांत धरून रडायला लागला. हमसून हमसून, खांदे गदागदा हलत होते. खोलीतल्या सगळ्यांचा समज झाला की बातमी वाईट आहे. पलीकडच्या खुर्चीवरची एक बाई उठली, यंत्रातून पेल्यात पाणी घेऊन आली. “असं करू नका हो भाऊ,” ती त्याला म्हणाली, “आता फार चांगली औषधं आलीत. माणसं जगतात, संसार करतात.” त्याला पाणी घेता येईना. ती माझ्याकडे वळली आणि हळूच, खाजगीत विचारावं तसं तिने विचारलं, “तुम्ही कोण यांच्या?”

मी तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. घसा पार मिटला होता. ती बाई पेला धरून थांबली होती. मी पुन्हा प्रयत्न केला, पोटापासून जोर लावून, आणि आवाज फुटला तो असा भसाडा आणि मोठा की पाण्याच्या यंत्राशी उभी असलेली माणसंसुद्धा दचकली.

“मी याची आहे,” मी म्हणाले. “आम्ही दोघं बरोबर आहोत.”

सगळ्यांनी फोनमधून डोकी वर काढून आमच्याकडे पाहिलं. मी मधल्या मोकळ्या खुर्चीत बसले आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं.